लिनोचा जोड

गाळप सुरू झालं की क्लोरिंदाबाई, आमच्याकडे म्हणतात तशी दोन्या क्लोरिंदा, आपली खुर्ची उचलून मळीच्या टाकीखाली येऊन बसायची. वेताची खुर्ची, एक पाय आखूड. वस्तीतल्या घरापासून कारखान्याच्या मागच्या फाटकापर्यंत ती स्वतःच वाहून आणायची. वाटेत कुणी हात लावायला गेलं तर वस्सकन अंगावर यायची. फाटकावरचे पहारेकरी बदलत गेले, पण या बाईला अडवायचं नाही हे जुना नव्याला सांगून जायचा. टाकीच्या पत्र्याला कान लागेल इतक्या जवळ ती खुर्ची सरकवायची, शाल डोक्यावरून घ्यायची आणि ऐकत बसायची.

मी तेव्हा काट्यावर होते. उसाच्या गाड्या तोलून आत सोडायचं माझं काम, आणि काट्याच्या खोलीची खिडकी नेमकी टाकीसमोर. त्यामुळे म्हातारी कधी आली, कधी गेली, कधी डोळे पुसले, हे मला मुद्दाम न बघताही कळायचं.

एकदा पंपावर नवा माणूस आला होता, सांतियागोकडचा. त्याला राहवलं नाही.

"आजी, काय ऐकताय एवढं? पंपाचा आवाज आहे तो."

"पंप तिकडं आहे," ती मान न वळवता म्हणाली. "म्हातारी झालेय, पण दिशा कळतात मला अजून. हा आवाज वरून येतो."

ते खोटं नव्हतं. पंप मळी ढकलायचा तो एकसारखा नाही, धक्क्याधक्क्यानं. टाकीच्या भिंतीला धरून एक जाड पाइप पार टोकापर्यंत गेला होता, तो प्रत्येक धक्क्याला थरथरायचा. पाइपला धरून ठेवणारे लोखंडी टेकू थेट टाकीच्या पत्र्यावर वेल्डिंगनं जोडलेले. ते ती थरथर भिंतीत सोडायचे, आणि अर्धी रिकामी टाकी घुमायची. कुणी बंद तोंडानं गाणं म्हणावं तसा आवाज. टाकी भरत गेली की सूर चढायचा, उतरत गेली की खाली यायचा. लख्ख दुपारी ऐकला तरी माझ्या अंगावर काटा यायचा.

दोन्या क्लोरिंदा म्हणायची, तो तिचा लिनो आहे.

लिनो आणि रोसेंदो हे क्लोरिंदा ब्रिसुएलाचे दोन मुलगे. दोघंही कारखान्यात वेल्डर, बाप बॉयलरवर होता म्हणून लागलेले. थोरला लिनो इतका बोलका की धाकट्याच्या वाटणीचंही बोलून घ्यायचा. रोसेंदोला काही विचारलं तर तो आधी लिनोकडे बघायचा, आणि उत्तर तिकडूनच यायचं. लिनो डावखुरा होता. वेल्डिंगच्या जोडावर माशाच्या खवल्यांसारखी वळणं उमटतात. इतरांची एका बाजूला झुकायची, लिनोची दुसऱ्या. त्यामुळे कारखान्यात कुठंही बोट ठेवून सांगता यायचं, हा लिनोचा जोड. आणि काळ्या काचेमागं तो सारखा गुणगुणायचा. रोसेंदोचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं, कारण तो तेवढंच बोलायचा: "गाणं संपव नाहीतर काम संपव."

ती वर्षं वाईट होती. राज्य लष्कराचं. डोंगराच्या बाजूला रात्रंदिवस ट्रक जायचे, आणि कुणाच्या दारात नंबरप्लेट नसलेली गाडी थांबली की शेजारचे रेडिओ मोठे करायचे. लिनो आदल्या हंगामात फाटकाबाहेर एका पिंपावर चढून मजुरीसाठी बोलला होता. फार काही नव्हता बोलला. पण लोक हसले होते आणि टाळ्या पडल्या होत्या.

लिनोला नेलं त्या दिवशी टाकीचा जुना पाइप फुटल्यामुळे नवा चढवायचा होता. टेकूही नवे लावायचे होते. लिनो मुकादमाला म्हणाला, "टेकूखाली आधी जाड प्लेटा जोडू द्या. पाइप हलणारच. नुसत्या पत्र्यावर टेकू डकवला तर आज ना उद्या टाकी फाटेल."

"गोदामात प्लेट नाही. गाळप खोळंबलंय. आत्ता लाव, हंगाम संपून कारखाना बंद झाला की बघू."

"बंद झाला की तुम्ही मला ओळख तरी दाखवाल का?"

मुकादमही हसला. लिनोनं टेकू लावले. शेवटचा, डोक्याच्या हातभर वरचा, लावून झाल्यावर तो भिंतीच्या सावलीत बसला आणि निखाऱ्यावर भाजलेली आईच्या हातची रोटी त्यानं फडक्यातून सोडली. रोसेंदो वर शिडीवर पाइपचे पट्टे आवळत होता. तशीच एक नंबरप्लेट नसलेली गाडी मागच्या फाटकातून आत आली. ते मी खिडकीतून पाहिलं. दोघं उतरले, साध्या कपड्यांतले. एकानं लिनोच्या खांद्यावर हात ठेवला, मित्रासारखा. लिनो उठला. त्यानं रोटी फडक्यात परत गुंडाळली, फडकं टाकीच्या कट्ट्यावर ठेवलं, आणि वर बघून एक हात केला.

त्या हाताचा अर्थ रोसेंदोला कधी लागला नाही. खाली ये, असं होतं की तिथंच थांब, असं होतं? तो शिडी उतरेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेलेली होती. पुढे कितीदा तरी तो मला तो हात करून दाखवायचा, तळवा कधी खाली, कधी समोर. "ओफेलिया, तू पाहिलंस. असा होता की असा?" मी दर वेळी खरंच सांगायचे, की मला आठवत नाही. मी त्या वेळी गाडीकडे बघत होते.

दोन्या क्लोरिंदा पोलिसांत गेली, छावणीवर गेली, शहरात बिशपच्या दारात बसली. पोलीस म्हणाले, पोरगा ब्वेनोस आइरेसला पळाला असेल बाईमाणसापायी. कारखान्याच्या कचेरीनं न सांगता गैरहजर म्हणून नाव काढून टाकलं. आणि वस्ती म्हणाली, फामिलियारनं नेला.

फामिलियार म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक साखर कारखान्याच्या तळघरात राहणारा काळा कुत्रा. वासराएवढा, पायात साखळी ओढत चालणारा. मालकानं सैतानाशी करार केलेला, की साखर पिकू दे, दरवर्षी एक कामगार तुझा. माझी आजी हे सांगायची तेव्हा आम्ही हसायचो. त्या वर्षांत कुणी हसत नव्हतं. कुत्र्यानं नेला असं म्हणणं सोपं होतं. कुत्र्याचं नाव घेतल्याबद्दल कुणी उचलून नेत नाही.

कुत्र्यानं नेला म्हटल्यावर कुठं ठेवला हा प्रश्न आलाच. नव्या पाइपमधून मळी जाऊ लागली तशी टाकी पहिल्यांदा घुमली होती, आणि वस्तीला उत्तर मिळालं. बायका पोरांना टाकीच्या बाजूनं जाऊ देईनात. माणसं तिथून जाताना टोपी काढायची. दोन्या क्लोरिंदानं मात्र खुर्ची उचलली.

रोसेंदोनं लग्न केलं नाही. आमची घरं समोरासमोर, मधे संत्र्याचं झाड. रविवारी मी खिमा भरलेल्या एम्पानादा तळल्या की त्याच्यासाठी बाजूला काढायचे. वस्तीतल्या बायका मला टोचायच्या, "ओफेलिया, कढई तुझी आणि पोट त्याचं, मग घर कुणाचं?" मी म्हणायचे, "घर त्याच्या भावाचं. भाऊ आला की विचारीन." एकदा हे रोसेंदोनं ऐकलं. तो रागावला नाही. गंभीरपणे मान हलवली, जणू मी बरोबर तेच बोलले होते. त्यानंतर मी ती थट्टा केली नाही.

काही वर्षांनी लष्कर गेलं, निवडणुका झाल्या, कारखाना दोनदा विकला गेला. टाकी तीच. आणि लिनो बोलला होता तसंच झालं. टेकूंच्या कडेला पत्र्यात केसासारख्या चिरा पडल्या आणि मळी पाझरू लागली. काळा ओघळ, अश्रूसारखा सावकाश उतरणारा. टाकी रडते, असं लोक म्हणू लागले. कारखाना बंद असला की रोसेंदो शिडी लावून वर जायचा, चिरेवर वरवर वेल्डिंगचा एक थर द्यायचा आणि खाली यायचा. पुढच्या गाळपात शेजारी नवी चीर. टेकू कापून काढायचं नाव तो घेत नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला घेऊही देत नव्हता. तिथं दुसरा वेल्डर पाठवला की रोसेंदो शिडीच्या पायाशी जाऊन नुसता उभा राहायचा. तो माणूस आपोआप परत फिरायचा.

मग पेराल्ता नावाचा इंजिनिअर आला. शहरातला, जाड चष्म्याचा, प्रत्येकाला नावानं हाक मारणारा. तो रोसेंदोबरोबर शिडीवर चढला आणि चिरांवरून बोट फिरवत राहिला. खाली उतरल्यावर दोघं माझ्या खिडकीखाली उभे राहून बोलले.

"रोसेंदो, ही भिंत फार दिवस काढणार नाही."

"माहीत आहे."

"फुटली तर मळी पहिल्यांदा तुमच्याच वस्तीत शिरेल."

"तेही माहीत आहे."

पेराल्ता थोडा वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "मला लोकांनी सांगितलंय. ते जोड कुणाचे आहेत ते. मी हुकूम नाही करणार. पण तुम्ही विचार करा."

"पुढच्या वर्षी," रोसेंदो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो अंगणात येर्बाचा कडू चहा नळीनं ओढत बसला होता, मी झाडाखाली खुर्ची टाकली. न विचारताच बोलला. "त्या सगळ्या कारखान्यात त्याच्या हातचं आता तेवढंच उरलंय. बाकी सगळं कापून, वितळवून विकलं. टेकू मी काढले तर तो इथं होता हे दाखवायला काय राहतं?"

निर्णय त्याच्यासाठी टाकीनंच घेतला. जुलैतली गोष्ट, आमचा ऐन हिवाळा. हवेत पाचट जाळल्याची काळी राख उडत होती. दोन्या क्लोरिंदा नेहमीसारखी बसली होती, डोळे मिटून. रोसेंदो जेवायच्या सुट्टीत तिच्यासाठी सूप घेऊन आला आणि थबकला. तिच्या पांढऱ्या शालीवर, खांद्यावर, एक काळा डाग होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्यावर आणखी एक थेंब पडला. त्यानं वर पाहिलं. डोक्याच्या हातभर वरचा तो शेवटचा टेकू, लिनोचा. त्याच्या बाजूची चीर बोटभर लांब झाली होती आणि पंपाच्या प्रत्येक धक्क्याला तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

"आई, ऊठ."

"बस ना. आज तो छान म्हणतोय."

"आई, ऊठ म्हणतो ना!"

त्यानं तिला खुर्चीसकट उचललं. सूप सांडलं. ती त्याच्या पाठीवर मुठी मारत होती, आणि तो तिला घेऊन फाटकाबाहेर धावत होता. तिला घरी ठेवून तो तसाच पेराल्ताकडे गेला. म्हणाला, "टाकी रिकामी करा. मी कापतो."

टाकी उपसायला गाळप संपेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मळी टँकरांतून दुसऱ्या कारखान्याकडे पाठवायला लागले, आणि वस्ती फाटकाशी जमायला लागली. कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं. टाकीच्या तळाशी काय निघतं. एक म्हातारा मेणबत्ती घेऊन आला होता. दोन्या क्लोरिंदा काळे कपडे घालून नाही, तर निळे, सणाचे कपडे घालून आली. मुलगा भेटायला येणार असल्यासारखे.

तळाची मळी आंबली की तिचा वायू होतो आणि तो माणसाला आवाज न करता मारतो. म्हणून खालचं झाकण उघडून मोठ्या पंख्यानं आत हवा सोडली, ती सोडतच राहिले. वास असा की उसाची गोडी पुन्हा नको व्हावी. हवा तपासून पेराल्तानं मान हलवली तेव्हा रोसेंदो कमरेला दोरी बांधून, हातात दिवा घेऊन त्या गोल भोकातून आत गेला. दुसऱ्या कुणाला त्यानं जाऊ दिलं नाही. आतून फावड्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

तो बाहेर आला तेव्हा गुडघ्यांपर्यंत काळा होता. दोन्या क्लोरिंदा पुढे झाली.

"आहे?"

"नाही, आई."

"नीट पाहिलंस? कोपऱ्यात?"

"टाकी गोल आहे, आई. कोपरा नाही तिला."

"मग काय आहे आत?"

"गाळ. एक तुटका पाना. बाकी काही नाही."

म्हातारी तिथंच उभी राहिली. मला वाटलं होतं, हाडं निघाली तर ती कोसळेल. हाडं निघाली नाहीत, आणि मी तिच्याकडे बघू शकले नाही. म्हाताऱ्यानं मेणबत्ती खिशात घातली. लोक एकेक करून गेले, आणि जाताना कुणी टाकीकडे मान वळवून बघितलं नाही.

नंतरचं काम मी खिडकीतून रोज पाहिलं. बाकीच्या टेकूंचे जोड रोसेंदोनं घासून काढले, चिरा खोलवर कोरून पुन्हा भरल्या. शेवटच्या टेकूपाशी तो अडला. पेराल्ता शिडीच्या खाली आला.

"इथला पत्रा तसाही गेलाय," तो म्हणाला. "टेकू घासू नका. त्याच्याभोवतीचा पत्राच गोल कापून काढू आणि नवा बसवू. म्हणजे टेकू आणि त्याचा जोड, दोन्ही अख्खे हातात येतील."

रोसेंदो शिडीवरून खाली उतरला. "उपकार झाले," एवढंच म्हणाला.

तो कापत असताना जे घडलं ते मी सांगते, मानायचं त्यानं मानावं. पंप बंद होता. पाइप खाली उतरवून ठेवलेला. तरी त्या रिकाम्या टाकीतून गुणगुण यायला लागली. मी ऐकली, शिडी धरणाऱ्यानं ऐकली, पेराल्तानं ऐकली. पेराल्ता म्हणाला, पंख्याची हवा भोकातून जातेय. असेल. पंखा चालू होता हे खरं. रोसेंदोनं काळी काच वर केली नाही, हात थांबवला नाही. गोल पूर्ण झाला, तुकडा सुटला, आणि आवाज बंद झाला.

मग त्यानं नवे टेकू लावले, लिनोनं सांगितले होते तसे. आधी प्रत्येक जागी एक जाड प्लेट, टाकीच्या गोलाईला बसेल अशी वाकवलेली, कोपरे गोल केलेले, चारी बाजूंनी वेल्डिंग. खालच्या कडेला एक बारीक भोक मोकळं ठेवलेलं, म्हणजे मागं काही पाझरलं तर ते लपून न राहता दिसावं. टेकू त्या प्लेटवर. मी विचारलं, एवढ्यानं काय होतं? तो म्हणाला, "पातळ कापडावर नुसतं बटण लावलं तर बटण तुटत नाही, कापड फाटतं. म्हणून शिंपी मागं तुकडा लावतो." पाइपलाही त्यानं पट्ट्यांत जरा ढिलं ठेवलं, हलायचं तर त्यानं स्वतःपुरतं हलावं.

गाळप पुन्हा सुरू झालं. दोन्या क्लोरिंदा खुर्ची घेऊन आली, बसली, शाल घेतली. पंप धडधडत होता. ती वाट बघत राहिली. मग पत्र्याला कान लावला. मग हात लावला. रोसेंदो काही पावलांवर उभा होता.

"पंप चालू नाही केला?"

"चालू आहे, आई."

"मग हा गप्प का?"

रोसेंदोनं नव्या प्लेटकडे पाहिलं.

"कुणी गप्प केलं ह्याला?"

"मी," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाली, "तुम्हा दोघांत तो एकटाच माझ्याशी बोलत होता."

ती खुर्ची तिथंच टाकून गेली. खुर्ची मी आत आणून काट्याच्या खोलीत ठेवली.

घरी ती रोसेंदोशी बोलेना. त्यानं कापलेला तो तुकडा पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवला होता. एका सकाळी त्यानं तो काढला आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवला. टेकू, त्याखाली टाकीच्या भिंतीचा गोल पत्रा आणि मधे तो जोड. मी तेव्हा दूध द्यायला गेले होते, दारातच थांबले. म्हातारीची नजर अधू होती. तिनं बोटं फिरवली. जोडाच्या खवल्यांवरून एकदा इकडून, एकदा तिकडून. मग तिच्या तोंडून निघालं, "डावखुरा कुठला. किती मारलं मी त्याला उजव्या हातानं लिही म्हणून."

तो तुकडा तिनं लिनोच्या खाटेवर ठेवला, उशीवर. त्यावर पांघरूण घातलं. महिनेच्या महिने तो तिथं होता. मी भीत भीत विचारलं, दोन्या क्लोरिंदा, पाद्रींना बोलवायचं का, दफनाचं बघायचं का? ती चवताळली. "दफन मेलेल्याचं करतात. कुणी मला सांगितलंय तो मेला म्हणून? कुणाची हिंमत आहे? ज्यानं नेला त्यानं येऊन सांगावं." मग मी पुन्हा विषय काढला नाही. रोसेंदो रोज शेजारच्या खाटेवर झोपायचा, त्या पांघरुणाकडे पाठ करून. मला एकदा म्हणाला, "लोखंड रात्री थंड होताना टणकन वाजतं. आपल्याला ते माहीत असतं. तरी मी 'काय रे' म्हणतो."

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी सगळी वस्ती दफनभूमीत जाते, कागदी फुलं, पाव, दारूची बाटली घेऊन. ब्रिसुएलांच्या घरातून बापाच्या थडग्यावर रोसेंदो एकटा जायचा. त्या वर्षी म्हातारी दारात उभी राहून येणारी-जाणारी माणसं बघत होती. प्रत्येकाच्या हातात फुलं, प्रत्येकाला कुठंतरी जायचं होतं. संध्याकाळपर्यंत बघत राहिली. दुसऱ्या दिवशी रोसेंदोला म्हणाली, "ह्याला उचल. मला बसायला एक जागा पाहिजे."

पाद्रींना बोलावलं नाही. खड्डा रोसेंदोनं खणला, बापाच्या शेजारी, मधे एका थडग्याची जागा सोडून. तिनं तुकडा पांघरुणात गुंडाळून दिला. तो खाली ठेवताना रोसेंदोचा तोल गेला, तशी ती म्हणाली, "सांभाळ. जन्मतानाही जडच होता." मला हसू फुटलं आणि मग थांबवता येईना, आणि कधी ते रडू झालं तेही कळलं नाही. तीही हसत होती. रोसेंदो खड्ड्यात उभा राहून आम्हा दोघींकडे बघत होता.

माती सारखी झाल्यावर ती तिथंच जमिनीवर बसली. रोसेंदोला म्हणाली, "आता तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज कसा आहे तेच मी विसरलेय."

त्यानं खाकरून घसा साफ केला. साखर मळीतून वेगळी करणारी एक सेन्ट्रीफ्यूगल मशीन कशी बिघडली, पेराल्ताचा चष्मा कसा हरवला, असं काहीतरी सांगू लागला. अडखळत. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्यानंतर दर रविवारी हेच. ती थडग्याशी बसायची, तो बोलायचा. ती मेली तेव्हा तिला लोखंडाच्या आणि नवऱ्याच्या मधे जागा केली.

मग बऱ्याच वर्षांनी, आम्ही दोघंही नोकरीतून सुटल्यावर, शहराजवळ एका जुन्या विहिरीतून माणसांची हाडं निघू लागली. हाडं तपासणारी डॉक्टर मंडळी, त्यांच्याशी जुळवून बघायला, हरवलेल्यांच्या नातलगांचं रक्त गोळा करत होती. रोसेंदोला मीच नेलं, बसनं. टेबलामागं एक तरुण मुलगी होती, गोड बोलणारी.

"तुमचा आणि त्यांचा संबंध?"

"भाऊ."

"मोठे की धाकटे?"

रोसेंदो विचारात पडला. "मोठा होता," तो म्हणाला. "आता तुझ्या वयाचा असेल."

मुलीनं पेन खाली ठेवलं. मग उठून स्वतः त्याची बाही वर सारली.

उत्तर यायला वेळ लागेल असं तिनं सांगितलं. अजून आलेलं नाही. कधी येईलही, कधी नाहीही येणार. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर उसाची शेतं लागली आणि रोसेंदो बोलायला लागला. लिनो शेजारच्या बागेतली संत्री चोरायचा आणि साली दुसऱ्याच्या दारात टाकायचा. लिनोला नदीत पोहता येत नाही, पण सांगतो येतं म्हणून. लिनोला कांदा चालत नाही. मग मी विचारलं, आणि रोटी? रोटी कशाबरोबर खायचा?

"चीजबरोबर," तो म्हणाला. "पण चीज आधी खाऊन टाकतो. मग माझ्यातलं मागतो."

बस वस्तीच्या वळणावर आली. मी म्हटलं, चल, उतरायचंय. तो लिनोचं सांगत बसूनच राहिला, आणि मीही त्याच्याशेजारी बसून राहिले, शेवटच्या थांब्यापर्यंत.